ह्यांचा राहून गेलेला बाप्तिस्मा

आमचे हे कवळ्या करतात. लग्न ठरलं तेव्हा मावशीनं विचारलं होतं, मुलगा काय करतो, आणि माझ्या आईनं मान खाली घालून "दातांच्या लाइनीत आहे" एवढंच सांगितलं होतं. मावशीला वाटलं डॉक्टर. तो गैरसमज अक्षता पडेपर्यंत, म्हणजे आमच्याकडे अंगठ्या घालून होईपर्यंत, कुणी दूर केला नाही. नंतर मावशीलाच कवळी लागली आणि ती ह्यांनी फुकट करून दिली, तेव्हापासून ती ह्यांना डॉक्टरच म्हणते.

घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचा कारखाना. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. डॉक्टर लोक माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, हे त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततात, मेणात दात लावतात, मग गुलाबी हिरडी घालून ती सगळी वस्तू उकळून पक्की करतात. उकळायला वेगळं भांडं आहे. तरी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरचं झाकण काढलं, तर आतून एक जबडा माझ्याकडे बघून हसत होता. तो कुकर मी अजून वापरत नाही.

ह्यांची ओळख चेहऱ्यांशी नसते. रस्त्यात कुणी भेटलं की हे कोरड्या नजरेनं बघतात. तो माणूस हसला की मगच "अरे, तुम्ही होय" म्हणतात. दोन कवळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या टाळूच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हे सुईनं बारीक नंबर कोरतात आणि तोच नंबर वहीत गिऱ्हाइकाच्या नावासमोर लिहितात. एकदा चर्चच्या सहलीत दोन आजोबांनी कवळ्या काढून एकाच भांड्यात ठेवल्या आणि मग भांडणाला उभे राहिले. ह्यांनी भिंग काढलं, नंबर वाचले, निकाल दिला. तेव्हापासून ह्यांना आपल्या नंबरांचा फार अभिमान.

आता ह्यांच्या झोपेबद्दल सांगायलाच हवं. चर्चमध्ये खांबाजवळचा तिसरा बाक आमचा. प्रवचनाच्या तिसऱ्या वाक्याला ह्यांची मान छातीवर येते आणि "आमेन" झालं की बरोबर वर जाते. घोरत नाहीत, हे माझं नशीब. आधीचे पाळक रागवायचे. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, ते म्हणतात, ह्यांची मान खाली गेली की मला कळतं, माईक नीट लागलाय. मी मात्र लाजेनं अर्धी व्हायचे. एकदा घरी आल्यावर चांगलं फैलावर घेतलं, तर हे शांतपणे म्हणाले, "अगं, बापाच्या घरात डोळा लागला तर त्यात लाजायचं काय?"

पुढच्या रविवारपासून मी कोपर मारायचं सोडून दिलं.

ह्यांना एक जुळा भाऊ आहे, सात मिनिटांनी धाकटा. मी त्यांना भावजी म्हणते. तोंडवळा इतका एक की लग्नाआधी मी एकदा चुकीच्या माणसाकडे बघून लाजले होते. स्वभाव मात्र दोन टोकं. भावजी गायनमंडळात पहिल्या रांगेत उभे राहून गातात, बायबलमधलं वाचायला नेहमी पुढे, आणि रडायला तर कारण लागत नाही. कुणाचं लग्न असो, मयत असो की नवीन सतरंजी अंथरलेली असो, भावजींचा रुमाल ओला.

गोष्ट घडली ती आमच्या नातीच्या बाप्तिस्म्याआधी. नात सात महिन्यांची. लेकीनं ठरवलं होतं की धर्मबाप म्हणून, म्हणजे बाळाच्या वतीनं देवाला वचन द्यायला, आजोबांनीच उभं राहायचं. हे वरवर "बघू" म्हणाले, पण त्याच दुपारी जाऊन नवीन बूट घेऊन आले. रविवार ठरला, दोन आठवड्यांवर. आणि नेमक्या त्याच वेळी ह्यांच्या आत्याबाई कवळी बदलायला आमच्याकडे येऊन राहिल्या.

आत्याबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. लग्न केलं नाही. दोन भाचरांना वाढवण्यातच सगळी हौस फिटली, असं म्हणतात. दोघांना त्या "बाळा" अशीच हाक मारतात, कारण कोण कोणता हे त्यांना आजतागायत ओळखता आलेलं नाही. डॉक्टरांच्या खुर्चीत बसायला त्या तयार नव्हत्या, म्हणून माप ह्यांनीच घ्यायचं ठरलं. खुर्ची पुढच्या खोलीत आणली, ह्यांनी मापाचा गुलाबी लगदा भरलेला चमचा आत्याबाईंच्या तोंडात दाबला, आणि वेळ जावा म्हणून नातीच्या बाप्तिस्म्याची बातमी सांगितली. मी धर्मबाप होणार, म्हणाले.

आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. त्या काहीतरी बोलायला लागल्या. हे म्हणाले, बोलू नका, माप बिघडेल. त्या हात हलवायला लागल्या. ह्यांनी हात धरून ठेवले. तीन मिनिटांनी चमचा काढला तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्यांना वाटलं, हिरडी दुखावली.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्या एकाचा बाप्तिस्मा राहिलाय."

मग त्यांनी बासष्ट वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. जुळ्यांची आई तापानं घरी, वडील गायनमंडळात, म्हणून दोन्ही बाळं एकट्या आत्याबाईंच्या गळ्यात पडली. एकसारखी पांढरी झबली. एक बाळ हातात, दुसरं बाकावर टोपलीत गाढ झोपलेलं. हातातल्याच्या डोक्यावर पाळकांनी पाणी घातलं आणि त्यानं असा काही टाहो फोडला की आत्याबाई त्याला घेऊन दाराबाहेर गेल्या. पुसलं, थोपटलं, गप्प केलं, परत आणलं. तोवर पाळक ताटकळले होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी खूण केली, दुसरं आणा. आत्याबाई गडबडल्या आणि हातातलंच पुढे केलं. त्याला परत पाणी, परत दुसरं नाव, परत टाहो. टोपलीतलं बाळ शेवटपर्यंत उठलं नाही.

"आणि तुम्ही बासष्ट वर्षं गप्प बसलात?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, वहिनीनं मला उभी चिरली असती. माझ्या सासूबाईंना मी ओळखत होते, त्यामुळे हे कारण मला पटलं.

हे मात्र हातात मापाचा चमचा धरून तसेच उभे राहिले. टाहो फोडणारा कोण आणि झोपणारा कोण, हे आमच्या घरात कुणालाही विचारण्याची गरज नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या संसाराला वेगळंच वळण लागलं. ह्यांनी आधी चर्चची जुनी वही काढायला लावली. वहीत दोन्ही नावं होती, एकाखाली एक, एकाच तारखेची. मी म्हटलं, झालं तर मग, कागद आहे ना? हे म्हणाले, कागदावर आहे, डोक्यावर नाही. मग फोन करून भावजींना बोलावलं. भावजी आले, ऐकलं, आणि सवयीप्रमाणे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, म्हणजे माझा दोनदा झालाय. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या चालण्यात असा काही थाट होता की जाऊबाईंनी मला फोन करून विचारलं, ह्यांना झालंय तरी काय?

आणि इकडे हे झोपेनात. घरी नाही, चर्चमध्ये नाही. त्या रविवारी प्रवचनाचं तिसरं वाक्य गेलं, चौथं गेलं, हे ताठ. डोळे टक्क उघडे. पाळकसाहेब दोनदा चुकले. उपासना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की माझ्या बोलण्यात काही खटकलं का.

घरी जेवणाआधी हे प्रार्थना करतात, तीही अर्धवट राहू लागली. देवाला बाप म्हणताना अडखळायचे. पहिला शब्द निघायचा नाही, भात गार व्हायचा. शेवटी एकदा ताटावरून मान वर करून म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिरून त्याला बाबा म्हटल्यासारखं वाटतं गं. मग मी इतकी वर्षं कोण होतो?"

"माझा नवरा," मी म्हटलं. "आणि आमटी निवतेय."

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू? ज्या माणसानं आयुष्यात कुणाला चुकीचा दात लावला नाही, आजाऱ्यांच्या घरी जाऊन कवळ्या घासून दिल्या, रोज सकाळी काम सुरू करण्याआधी फळीवरच्या जबड्यांसाठी एकेक करून प्रार्थना केली, तो देवाचा नाही तर मग कोण, ती जाऊबाईंची मांजर? हे मी ह्यांना दहा प्रकारे सांगितलं. हे ऐकून घेत होते, पण ते भिंतीनं ऐकावं तसं. लेकीला तर सांगूनच टाकलं की धर्मबाप दुसरा बघ. नवीन बूट डब्यात परत गेले.

मी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. ते चहा घेता घेता म्हणाले की ह्यावर चर्चमध्ये जुनी तोड आहे. शंका असेल तर बाप्तिस्मा देताना आधी म्हणायचं, "जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर." झाला असेल तर काही बिघडत नाही, नसेल तर होऊन जातो.

मला तर वाटलं, सुटलो. पण हे अडून बसले. म्हणाले, जर-तर आपल्याला चालत नाही. मी गिऱ्हाइकाला कवळी देताना "जर बसली तर तुमची" असं सांगत नाही. देवाच्या घरात शिरायचं तर ते काय "जर"वर? पाळकसाहेब म्हणाले, "तो जर आपल्यासाठी आहे, काका. आपल्याला माहीत नाही म्हणून. देवाला माहीत आहे, त्याला जर लागत नाही." हे फळीवरचे जबडे नीट लावायला उठले. पाळकसाहेबांनी चहा संपवला, जाताना दारात पुन्हा एकदा विचारलं की खरंच प्रवचनात काही खटकलं नाही ना.

इतकं सगळं झाल्यावर कामात चूक होणारच. पस्तीस वर्षांत झाली नव्हती ती झाली. नातीच्या बाप्तिस्म्याला तीन दिवस उरलेले असताना आत्याबाईंची कवळी तयार झाली. ह्यांनी नंबर बघितला, दोनशे चौदा, वही बघितली, दोनशे चौदा, आणि कवळी त्यांच्या हातात दिली. आत्याबाईंनी घातली. त्यांचं तोंड मिटेना. वरचे दात ओठांच्या बाहेर, गाल फुगलेले. माझ्यासमोर एक निवृत्त हेडमास्तर बसलेत असं वाटलं.

"हे माझे नाहीत," असं काहीतरी त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, नवीन आहे, सवय होईल. आत्याबाईंनी मान हलवली. हे म्हणाले, नंबर तुमचाच आहे. भिंग आणलं, दाखवलं. वही आणली, दाखवली. आत्याबाईंनी कवळी काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्या खऱ्या, बोळक्या, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बाळा, नंबर तू घातलास. तोंड देवानं घातलंय. हे माझे नाहीत."

फळीवर शेजारीच हेडमास्तरांची कवळी तयार होती. खरोखरच्या हेडमास्तरांची, मी उगाच नाव घेतलं नव्हतं. तिच्यावर नंबर दोनशे पंधरा. मी ती उचलली, धुतली आणि आत्याबाईंना दिली. ती अशी बसली की टक् आवाज आला. आत्याबाई हसल्या. चोवीस वर्षांनी लहान दिसल्या.

हे खाली बसले. आत्याबाईंची कवळी काढून घेतली आणि दोन्ही समोर ठेवून बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस पूर्ण खचला. आधी बाप्तिस्मा गेला, आता नंबरही गेले. मी पाणी आणायला वळले तर मागून आवाज आला.

"अगं, ऐकलंस का? माझा नंबर चुकला. तरी ही आत्याचीच होती."

"हो."

"हेडमास्तरांची नाही झाली."

"कशी होईल? माप आत्याबाईंचं होतं."

"माप आधी घेतलं होतं," हे म्हणाले. "नंबर नंतर पडला."

मी दोन आठवडे वेगळं काय सांगत होते? पण बायकोच्या बोलण्यावर नंबर कोरलेला नसतो, त्यामुळे ते वहीत चढत नाही. ह्यांनी सुई घेतली, दोनशे पंधरा खरडून काढला, जागा गुळगुळीत केली आणि त्यावर दोनशे चौदा कोरला. हेडमास्तरांच्या कवळीचाही तसाच बदलला. मी विचारलं, आता बसलीच आहे तर नंबर कशाला? हे म्हणाले, "चुकलेला नंबर तसाच ठेवायचा नसतो. नीट घालायचा. कवळीला नाही लागत, पण आपल्याला लागतो." मग हात धुऊन पाळकसाहेबांकडे निघाले. जाताना डब्यातले बूट काढून घातले.

त्याच संध्याकाळी भावजी आले. थाट नाही, काही नाही. दारातूनच मला म्हणाले, वहिनी, एक सांगायचंय. आणि सांगितलं की लहानपणी ते मुळीच रडके नव्हते. आईच म्हणायची की हा धाकटा शहाणा, झोपला की उठायचा नाही, मोठ्यानंच घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे शाळेत गेल्यावर दोघं उलटे झाले. ही गोष्ट भावजींना पहिल्या दिवसापासून आठवत होती, थाट नुसता वरवरचा होता. इतकं सगळं गाणं, इतकं वाचन, आणि आपलाच राहिला असेल तर काय, म्हणून त्यांचाही डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. हे घरी आल्यावर दोघं भाऊ पुढच्या खोलीत जबड्यांच्या मधे बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा भावजी रडत होते आणि हे त्यांना रुमाल पुरवत होते. ठरलं की दोघांनीही पाणी घ्यायचं, "जर"सकट.

रविवार उजाडला. आत्याबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की ह्या वेळी मी नीट करणार, मधे कुणी पडायचं नाही. दोघांना पुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. दोघांचे पांढरे सदरे एकसारखे, कारण मी आणि जाऊबाईंनी एकमेकींना न विचारता एकाच दुकानातून आणले. आधी भावांचं, मग नातीचं, असा क्रम होता, म्हणजे ह्यांना धर्मबाप म्हणून उभं राहता येईल. मी मागच्या बाकावर, नात माझ्या लेकीच्या मांडीवर.

प्रवचन झालं, प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी बोलावलं. आत्याबाईंनी एका भाच्याचं मनगट धरलं आणि पुढे नेलं. ते भावजी होते. "जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर," पाळकसाहेब म्हणाले आणि पाणी घातलं. भावजींनी हुंदका दिला तो मागच्या दारापर्यंत ऐकू गेला. आत्याबाईंनी त्यांना बाकावर आणून बसवलं, रुमालानं त्यांचं डोकं खसाखसा पुसून कोरडं केलं, पाठ थोपटली. पाळकसाहेबांनी खूण केली, दुसरे या. आत्याबाई वळल्या, मनगट धरलं, पुढे नेलं. पाळकसाहेबांनी ओंजळ भरून वर केली.

"आत्या," हुंदक्यांमधून आवाज आला, "माझा होऊन गेलाय."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांच्या ओंजळीतलं पाणी त्यांच्याच बाहीत गेलं. आत्याबाई कडाडल्या, मग दुसरा कुठाय?

दुसरा बाकावर होता. मान छातीवर, हात मांडीवर, नवीन बूट एकमेकांना टेकवून गाढ झोपलेला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा. मी पुढे वाकले, कोपर उचललं, आणि मला ते मारवेना. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते; भावजींचाच वारा लागला असेल.

पाळकसाहेबांनी मला हातानंच थांबवलं. पाण्याचं भांडं उचलून ते स्वतः बाकापाशी आले, खाली वाकले आणि ह्यांच्या पूर्ण नावानं हळू हाक मारली. हसणं थांबलं होतं. हे हलले नाहीत. पाळकसाहेबांनी पुन्हा हाक मारली.

"हो, आलो," हे म्हणाले. गिऱ्हाईक दारात आलं की म्हणतात ना, अगदी तसं. मग डोळे उघडले, समोर भांडं पाहिलं, आणि सगळं लक्षात येऊन जागच्या जागी डोकं पुढे केलं. "जर" ऐकला की नाही, देव जाणे. पाणी कपाळावरून नाकावर आणि नाकावरून सदऱ्यावर ओघळलं, आणि ते ह्यांनी पुसलं नाही.

मग उठून नातीला हातात घेतलं आणि धर्मबाप म्हणून ताठ उभे राहिले. पाळकसाहेब प्रश्न विचारायला लागले तेवढ्यात नातीनं जांभई दिली. ह्यांनी वाकून तिच्या तोंडात पाहिलं आणि वळून मला कुजबुजत सांगितलं की खाली पहिला दात आलाय.